रातांधळी घोडी आणि बाईंची वही : अ‍ॅपलूसा घोड्यांच्या एका कळपाचं प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे त्या बाईंनी ते लिहायला परवानगी दिली, पण अट घातली. "माझं नाव नको आणि घोड्यांची खरी नावंही नकोत. ज्यांना ओळखायचंय ते रंगावरून ओळखतीलच." म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत. मी यातली पशुवैद्य. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आता बरीच वर्षं अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात घोड्यांचं काम करते. या प्रकरणात चुका माझ्याही आहेत, त्या जागच्या जागी येतील.

पार्श्वभूमी

वॉशिंग्टन आणि आयडाहो या राज्यांच्या सीमेवर पलूस नावाचा मुलूख आहे. सांगली जिल्ह्यातलं पलूस नव्हे, पण उच्चार जवळपास तोच, त्यामुळे पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मला हसू फुटलं होतं. नजर जाईल तिथपर्यंत गव्हाच्या आणि मसुराच्या गोल टेकड्या. इथून वाहणाऱ्या नदीचं नावही पलूस. 'अ पलूस हॉर्स' असं म्हणता म्हणता इथल्या ठिपकेदार घोड्याचं नाव अ‍ॅपलूसा पडलं.

घोडे मूळचे निमीपू या इथल्या आदिवासी लोकांचे. फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्यांना नेझ पर्स म्हटलं आणि कागदोपत्री तेच नाव चिकटलं. १८०६ मध्ये मेरिवेदर लुईस या प्रवाशाने इकडच्या घोड्यांचं कौतुक करताना नोंदवलं की त्यातले काही घोडे पांढऱ्या ठिपक्यांचे आहेत. 'काही', सगळे नव्हेत. हा शब्द पुढे लागणार आहे. १८७७ मध्ये सरकारने निमीपूंना त्यांच्या जमिनीवरून हुसकलं. चीफ जोसेफ आणि इतर सरदारांबरोबर बायकामुलं आणि घोड्यांचे कळप घेऊन ही माणसं सुमारे १,९०० किलोमीटर लढत लढत गेली आणि कॅनडाची सीमा ६०-६५ किलोमीटरवर असताना माँटानात त्यांना शस्त्रं ठेवावी लागली. घोडे जप्त झाले, विकले गेले, वाटेल त्या जातींशी मिसळले.

त्यानंतर साठेक वर्षांनी, १९३८ मध्ये, ऑरेगनमधल्या मोरो गावी क्लॉड थॉम्पसन या शेतकऱ्याने अ‍ॅपलूसा हॉर्स क्लब काढला. आज त्याची कचेरी आयडाहोतल्या मॉस्को गावात आहे. १९७५ मध्ये अ‍ॅपलूसा हा आयडाहोचा राज्य-घोडा झाला. १९७८ पर्यंत ही नोंदवही देशातली तिसऱ्या क्रमांकाची झाली होती. नोंदवही म्हटली की आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणं आलं. अंगावरचे ठिपके, नाकपुड्या आणि पापण्यांजवळची चितकबरी कातडी, डोळ्यात माणसासारखं दिसणारं पांढरं, खुरांवरचे उभे पट्टे या खुणा पाहून घोडा कुठल्या रकान्यात बसतो ते ठरू लागलं. एकरंगी निपजलेल्याचा रकाना वेगळा.

मला याचं नवल वाटलं नाही. लहानपणी वडिलांबरोबर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेले होते. तिथेही आधी भोवरे बघतात, कपाळावरचा टिळा बघतात, किती पाय पांढरे ते मोजतात. दात त्यानंतर. घोड्याचा भाव कातडीवर ठरतो हे मी दहा वर्षांची असल्यापासून पाहत आले आहे.

आता बाई. वय ७६. गव्हाच्या शेतकऱ्याची मुलगी. शाळकरी वयात गावच्या जत्रेत एक ठिपकेदार घोडी पाहिली आणि त्या दिवसापासून दुसरं काही डोक्यात शिरलं नाही, असं त्या सांगतात. लग्न झालं, नवरा गेला, जमीन भावाने कसली. बाईंनी घोडे केले. स्वतः पैदास करायची, स्वतः शिकवायचे आणि ट्रेलरला जोडून शोला न्यायचे. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या वर्ल्ड शोपर्यंत त्या जाऊन आल्या. भिंतीवर रिबिनी आहेत, पण बहुतेक रंग उडालेल्या. त्यांच्याकडे पाहतानाही बाईंना त्या कोणत्या वर्षाच्या हे आठवत नाही, घोडा कोणता ते मात्र लगेच आठवतं.

शिकवण्यात त्यांचा हात असा की मी कामं टाकून पाहत बसायची. ट्रेल क्लाससाठी, म्हणजे शोमधल्या अडथळ्यांतून घोडा नेण्याच्या स्पर्धेसाठी, वाळूत लाकडी बांबू एल-आकारात टाकायचे आणि घोड्याला त्यातून मागे मागे न्यायचं. लगाम इतका सैल की वाऱ्याने हलावा. घोड्याचा एक कान त्यांच्याकडे, एक बांबूकडे. वीस मिनिटं झाली की बस. घोड्याने जीभ बाहेर काढून ओठ चाटले की त्या उतरायच्या. "त्याला कळलंय. आता अजून शिकवलं तर विसरेल." शिकाऊ मुलींना त्यांचं एकच वाक्य पाठ होतं : घोडा चुकला की आधी आपला हात बघ.

आणि एक वही होती, म्हणजे वह्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, हिशेबाच्या, पन्नासेक वर्षांच्या. जन्मलेल्या प्रत्येक शिंगराचं एक पान. तारीख, आई, बाप आणि दोन्ही बाजूंनी काढलेली घोड्याची आकृती, तिच्यात रंगीत पेन्सिलीने जिथल्या तिथे भरलेले ठिपके. खाली एक ओळ. ठेवलेल्या शिंगरांच्या पानावर पुढचा इतिहास. एकरंगी निघालेल्यांच्या पानावर एकच शब्द : 'सोडलं'. म्हणजे शेजारीपाजारी, मुलांना बसायला, स्वस्तात देऊन टाकलं.

कळपाचा नियम साधा होता. ठिपके हवेत, आणि खात्रीने हवेत. खात्रीचा रस्ता जुन्या पैदासकारांना माहीत होता. काही अ‍ॅपलूसा जवळजवळ पांढरे निपजतात, अंगावर चारदोनच ठिपके. त्यांना 'फ्यू-स्पॉट' म्हणतात. दिसायला ते अगदीच बेताचे, पण त्यांना होणाऱ्या प्रत्येक शिंगरात ठिपक्यांचा अंश उतरतोच. बाईंचा पैदाशीचा घोडा असाच होता. त्याला इथे 'पांढरा' म्हणू. त्याची एक मुलगी सात वर्षांची, तीही फ्यू-स्पॉट, बाईंची त्या वेळची शोमधली मुख्य घोडी. तिला 'जुनिपर' म्हणू.

काय घडलं

ऑक्टोबरातला एक बंदिस्त रिंगणातला शो. संध्याकाळचे सहा. बाहेरच्या सराव-रिंगणात झगझगीत दिवे, आत मुख्य रिंगणातही दिवे, आणि दोहोंच्या मध्ये पत्र्याखालचा तीसेक पावलांचा अंधारा बोळ. जुनिपरवर बाईंची नात बसली होती, पंधरा वर्षांची. बोळाच्या तोंडाशी घोडी अडली. मान उंच, नाक आकाशाकडे. मागून कोणीतरी ओरडलं, नातीने टाच मारली. घोडी उडी घेतल्यासारखी पुढे गेली आणि डाव्या खांद्याने लोखंडी फाटकावर आदळली. नात खाली पडली. हासळीचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी मला फोन. नातीबद्दल दोन वाक्यं, मग : "घोडीची ढोपरं बघ. काहीतरी दुखत असणार. नाहीतर नुसता अडेलपणा."

मी दुपारी बारा वाजता गेले. घोडीला दुडकीवर पळवलं, मागच्या पायांचे सांधे मुडपून पुन्हा पळवलं. लंगडण्याचं नाव नाही. डोळ्यांत बॅटरी मारली, आत भिंगाने पाहिलं. पडदा स्वच्छ, बाहुली आकसते आहे, समोर हात हलवला की पापणी मिटते. मी लिहून दिलं : डोळे व पाय सामान्य, वर्तनाचा प्रश्न असण्याची शक्यता.

हीच माझी पहिली चूक. मी तपासलं ते भर उन्हात, आणि घोडी अडली होती अंधारात.

घोडं पेंड खातंय कुठे ते तीन आठवड्यांनी कळलं, तेही योगायोगाने. दुसऱ्याच एका घोड्याच्या पोटदुखीसाठी मी त्यांच्याकडे गेले होते आणि काम आटपेपर्यंत अंधारून आलं. बाई चारा टाकत होत्या. सगळे घोडे गव्हाणीकडे आले. जुनिपर कुरणाच्या मधोमध उभी राहिली. मान वर, नाक वर, तारे मोजत असल्यासारखी. बाईंनी शीळ घातली. कान वळले, पाय हलले नाहीत. मग अंधारातून एक म्हातारी घोडी परत तिच्याकडे गेली. जुनिपरने तोंड तिच्या पाठीला टेकवलं आणि तशीच चिकटून गव्हाणीपर्यंत आली.

"रोज असंच करते?" मी विचारलं.

"म्हातारीवर जीव आहे तिचा," बाई म्हणाल्या.

मी तबेल्यातले दिवे मालवायला सांगितले, वाटेत गवताचे दोन गठ्ठे आडवे टाकले आणि जुनिपरला मोहरकीच्या लांब दोरीवर सोडलं. पहिल्या गठ्ठ्याला ती गुडघ्यांनी धडकली. दिवे लावून पुन्हा सोडलं, तर दोन्ही गठ्ठ्यांच्या मधून नागमोडी निघून आली. मी तिसऱ्यांदा करणार होते. बाई म्हणाल्या, "पुरे."

निदान

ठिपक्यांच्या जनुकाला एलपी म्हणतात. त्याची एक प्रत मिळाली तर घोड्यावर ठिपके, चितकबरी कातडी वगैरे खुणा कमीजास्त येतात आणि रात्रीची नजर शाबूत राहते. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळाल्या तर बहुधा फ्यू-स्पॉट किंवा त्याच्या जवळपासचा घोडा होतो आणि तो जन्मतः रातांधळा असतो.

ठिपके आणि रातांधळेपणा, दोन्हींचं कारण एकच आहे. एलपी म्हणजे टीआरपीएम-१ नावाच्या जनुकाचंच बदललेलं रूप : त्यात एका प्राचीन विषाणूचा तुकडा घुसून बसला आहे. २०१३ मध्ये तो नेमका सापडला. हे जनुक कातडीतल्या रंगपेशींना लागतं, तसंच डोळ्याच्या पडद्यालाही लागतं. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी अशा घोड्यात ठणठणीत असतात, पण त्यांचा निरोप पुढच्या पेशीला पोचत नाही. डाकिया पत्र घेऊन दाराशी उभा आणि दार उघडायलाच कोणी नाही, तशातली गत. म्हणून भिंगातून पडदा निरोगी दिसतो. म्हणूनच मी फसले. दिवसा घोडा व्यवस्थित पाहतो. हा रातांधळेपणा वयाबरोबर वाढत नाही आणि त्यावर औषधही नाही.

जुनिपरला विद्यापीठाच्या दवाखान्यात नेलं. अंधाऱ्या खोलीत ठेवून डोळ्याचा विद्युत आलेख काढला. उजेडाच्या झटक्यानंतर जी लहर वर उठायला हवी ती उठलीच नाही. आयाळीचे मुळासकट उपटलेले केस जनुक-तपासणीला गेले. उत्तर आलं : दोन प्रती.

आता गणित उघडं होतं. पांढरा फ्यू-स्पॉट, म्हणजे दोन प्रती. त्याला फ्यू-स्पॉट घोडी दिली की होणारं प्रत्येक शिंगरू रातांधळं. ठिपकेदार, म्हणजे एक प्रत असलेली घोडी दिली तर सरासरीने निम्मी रातांधळी. बाईंनी ज्या जोड्या 'खात्रीच्या' म्हणून लावल्या होत्या, त्या या दुसऱ्या गोष्टीतही तितक्याच खात्रीच्या होत्या.

निर्णयाची पहिली जागा : बाकीचे तपासायचे का

कळपात १४ घोडे होते. मी म्हटलं, सगळ्यांचे केस पाठवू. बाईंनी साफ नकार दिला. "मला कळून काय करायचंय? ते जसे आहेत तसे आहेत."

मी जोर केला नाही. केस ठेवायची कोरी पाकिटं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून निघून आले. तो निर्णय बरोबर होता का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. दोन आठवडे गेले, आणि त्या दोन आठवड्यांत बाई संध्याकाळी कंदील न घेता कुरणात जाऊन उभ्या राहत होत्या, हे मला नातीकडून नंतर समजलं. पुढच्या सोमवारी १३ पाकिटं माझ्या दवाखान्याच्या पायरीवर होती. प्रत्येकावर नाव आणि नावाखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह किंवा फुली. जिथे फुली होती, म्हणजे 'हा रातांधळा' असा बाईंचा अंदाज होता, तिथे एकही अंदाज चुकला नाही. जुनिपर धरून सहा.

त्या सहांत ती म्हातारी घोडीही होती, जी जुनिपरला वाट दाखवत होती. आंधळीला आंधळीचा आधार. फरक इतकाच की बावीस वर्षांत तिने कुरणाची इंच इंच जागा पाठ केली होती.

म्हातारीच्या डोळ्यांत आणखी एक गोष्ट सापडली. घोड्याच्या बाहुलीच्या वरच्या कडेला काळी, मखमली, गाठीगाठींची झालर असते. तिच्या डाव्या डोळ्यातली झालर झिजून सपाट झाली होती, बुबुळाचा तपकिरी रंग मातकट झाला होता आणि मागे मोतीबिंदूची सुरुवात होती. हा डोळ्याच्या आतला दाह, युव्हायटिस. अ‍ॅपलूसांमध्ये तो इतर जातींच्या मानाने सुमारे आठ पट जास्त आढळतो, आणि दोन प्रती असलेल्यांना धोका अधिक. इतर घोड्यांचा डोळा लाल होतो, पाणी गळतं, मालक धावत येतो. अ‍ॅपलूसात तो पुष्कळदा न बोभाटता आतून डोळा खात राहतो. बाईंनी रोज तिला खरारा केला होता, रोज तिच्या तोंडावरून हात फिरवला होता आणि त्यांना काही दिसलं नव्हतं. दिसण्यासारखं काही नव्हतंच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बाजाराने दिला. जुनिपरला दक्षिणेकडून मागणी होती आणि आकडा चांगला होता. घेणाऱ्याने डोळ्यांबद्दल विचारलं नव्हतं. बाईंच्या एका जुन्या मैत्रिणीचं म्हणणं असं, की हे सगळ्यांना माहीत असलेलं गुपित आहे, फ्यू-स्पॉट घेणाऱ्याने स्वतः समजून घ्यावं. बाईंनी तो आकडा पाकिटावर लिहिला, दोन दिवस पाकीट खिशात बाळगलं आणि मग त्याच पाकिटात केस भरून मला दिले. ते अजून माझ्याकडे आहे.

दुसरा : पांढऱ्याला खच्ची करायचं, पैदास बंद. माझा कल याकडे होता, कारण बाईंचं वय. ७६ व्या वर्षी नवी शिंगरं कशाला, असं मी म्हणाले. ते मी म्हणायला नको होतं. वैद्याला घोड्याच्या डोळ्याबद्दल मत असावं, मालकिणीच्या उरलेल्या वर्षांबद्दल नसावं.

तिसरा पर्याय गणितातूनच निघत होता. पांढऱ्याला एकही प्रत नसलेली, म्हणजे एकरंगी घोडी दिली तर प्रत्येक शिंगराला नेमकी एकच प्रत मिळणार. रातांधळं एकही नाही आणि ठिपक्यांचा अंश प्रत्येकात. दोष टाळायला रंग सोडावा लागत नव्हता, 'खात्रीचा' शब्द तेवढा वेगळ्या ठिकाणी लावायचा होता.

पण एकरंगी घोडी आणायची कुठून? क्लबचे नियम क्वार्टर हॉर्स, थरोब्रेड आणि अरबी रक्ताची मिसळ चालवून घेतात. बाईंना ती नको होती. क्वार्टर हॉर्स मिसळून मिसळून अ‍ॅपलूसाचा 'ठिपके लावलेला क्वार्टर हॉर्स' झालाय, ही त्यांची आयुष्यभराची तक्रार. जुन्या वळणाचा घोडा त्यांना हवा होता : विरळ शेपटीचा, काटक, डोंगर चढणारा. त्यांच्याच रक्तातली, पण ठिपके नसलेली घोडी हवी होती.

आणि तशा घोड्या होत्या. वहीत. 'सोडलं' या शब्दाखाली.

काय केलं

आधी रोजचं. तबेल्याच्या दारात आणि गव्हाणीवर मंद दिवे बसवले, संध्याकाळ होण्याआधी आपोआप लागणारे. काटेरी तार काढून गुळगुळीत लाकडी कठडा घातला. रातांधळ्या सहांचं कुरण बदलायचं नाही आणि पाण्याचं टाकं हलवायचं नाही असा नियम केला. ट्रेलरमध्ये चढवायचं ते उजेडातच. शांत स्वभावाच्या एका घोडीच्या गळ्यात घंटा बांधली. ती कल्पना माझी, गावच्या गुरांवरून सुचलेली. बाईंना आधी पोरकट वाटली. आठवड्याभरात जुनिपर घंटेमागे चालू लागली.

म्हातारीच्या डोळ्यात आधी रंग टाकून वरच्या थराला जखम नाही याची खात्री केली, कारण जखमेवर स्टेरॉइड पडलं तर डोळाच जातो. मग स्टेरॉइडचं मलम, बाहुली मोठी ठेवायला अ‍ॅट्रोपीन आणि दिवसा माश्यांचा व उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून जाळीचा मुखवटा. बाकी सगळ्यांचे डोळे दर तीन महिन्यांनी तपासायचे ठरलं.

यानंतरचं काम अवघड होतं. गेल्या काही वर्षांत विकलेल्या घोड्यांपैकी कोणाला दोन प्रती असतील ते वहीवरून काढता येत होतं. आईबाप लिहिलेले, ठिपके रंगवलेले. १९ पानं निघाली. बाईंनी ठरवलं की फोन आपण स्वतः करायचे. मी एवढंच सुचवलं की ज्या घोड्यांवर लहान मुलं बसतात तिथून सुरुवात करा. ११ जण सापडले. काहींनी आभार मानले, एकाने पैसे परत मागितले, आणि बाईंनी त्यातले निम्मे दिले. एका बाईने सांगितलं, "तो? तो संध्याकाळी हट्टीपणा करायचा. आम्ही विकून टाकला." कोणाला, ते तिला आठवत नव्हतं.

तो फोन ठेवल्यावर बाईंनी मला जुनी वही आणून दाखवली. सत्तरच्या दशकातलं पान. फ्यू-स्पॉट घोडा, आकृती जवळजवळ कोरी, फक्त मानेवर दोन काळे ठिपके. खाली त्यांच्याच अक्षरात : हुशार, चाल सुंदर, पण अंधाऱ्या फाटकातून जात नाही, चाबकाने सुधारतोय. त्यांनी पान माझ्यासमोर धरलं, 'सुधारतोय' वर बोट ठेवलं आणि वही मिटली. आधी आपला हात बघ, हे वाक्य मुलींना शिकवणाऱ्या बाई. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

एकरंगी घोड्या शोधायला नातीने मदत केली, हात गळ्यात अडकवलेला असतानाच. जवळपासच्या गावांत तीन सापडल्या, तिघी बाईंच्याच कळपातल्या. बाई तिघींनाही आणायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, केस आधी. बरं झालं. तिघींतली एक दिसायला चक्क एकरंगी होती, पण तिच्यात एक प्रत लपलेली निघाली. पुन्हा जवळून पाहिलं तर खालच्या पापणीच्या आत गुलाबी-काळे डाग होते. तिच्यापासून निम्मी शिंगरं रातांधळी झाली असती. उरलेल्या दोघींपैकी एकीचं वय झालेलं. राहिली एक तपकिरी, काळ्या आयाळीची, बारा वर्षांची घोडी, एका मसूर पिकवणाऱ्याच्या मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणारी. बाईंनी ती ज्या किमतीला दिली होती त्याच्या आठ पट देऊन परत घेतली. "सोडताना मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं," बाई म्हणाल्या. "पाय बघ तिचे."

पांढऱ्याकडून भरवायला बाहेरच्या तीन घोड्या येणार होत्या आणि त्यांची आगाऊ रक्कम घेतलेली होती. तिन्ही मालकांना तपासणी करायला सांगितलं. दोघांनी केली नाही, त्यांचे पैसे परत गेले.

जुनिपरच्या बाबतीत निर्णय नातीवर सोडला. मी आणि नातीचे आईवडील, आमचं मत होतं की तिला शोमधून काढावं. नात म्हणाली, दिवसा, उघड्या रिंगणात, मी बसेन. बाईंनी एकच अट घातली : वेळापत्रक हातात आल्याशिवाय नाव नोंदवायचं नाही आणि क्लास उशिरा सरकला तर रिंगणातून निघून यायचं, कोणाला कारण न सांगता.

पुढे काय झालं

त्या उन्हाळ्यात जुनिपर चार शोंना गेली. ट्रेल क्लासमध्ये एकदा तिसरी आली. एकदा क्लास साडेसातपर्यंत लांबला तेव्हा आजी-नात दोघी ट्रेलरमध्ये सामान भरून निघाल्या आणि नातीने वाटभर तोंड फुगवलं होतं.

म्हातारीचा डावा डोळा औषधांनी चौदा महिने टिकला. मग आतला दाब वाढून दुखायला लागला आणि मी तो काढला. तिसऱ्या दिवशी ती चरायला लागली. उजवा अजून आहे.

तपकिरी घोडीला पुढच्या एप्रिलमध्ये शिंगरू झालं, मादी. पहाटे फोन आला म्हणून गेले. ओलं, तपकिरी, लटपटत उभं. ना कमरेवर चादरीसारखा पांढरा पट्टा, ना ठिपके. बाईंनी खूर उचलून पाहिला, ओठ उलटून पाहिला, डोळ्याचं पांढरं पाहिलं. एक प्रत असणार हे कागदावर ठरलेलंच होतं, पण किती रंग खुलेल ते दुसरी जनुकं ठरवतात. "पूर्वी हे मी सोडलं असतं," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलींचा डबा आणायला आत गेल्या. वर्षभरात शिंगराच्या नाकपुड्या चितकबऱ्या झाल्या आणि कमरेवर राखाडी केस मिसळायला लागले.

वेगळं काय करता आलं असतं

बाईंच्या बाजूने पाहिलं तर सगळी माहिती वहीत होती. अडणारे, संध्याकाळी बुजणारे, रात्री जखमी होणारे घोडे कोणते, हे पानापानांवर लिहिलेलं होतं आणि त्यांचा रंगही तिथेच रंगवलेला होता. दोन्ही रकाने एकत्र वाचले गेले नाहीत, कारण एक रकाना स्वभावाचा मानला होता आणि दुसरा सौंदर्याचा. त्यांना दोष देताना मी जपून असते. हा संबंध शास्त्राला या शतकात उलगडला. पण केसांची तपासणी उपलब्ध झाल्यावरही तीनचार वर्षं गेली, आणि त्या वर्षांत सात शिंगरं जन्मली. तपासणीचा खर्च एका शोच्या प्रवेश-फीपेक्षा कमी होता.

निमीपूंच्या कळपांतही ठिपकेदार घोडे 'काही' होते. एकरंगी घोडे बाजूला काढून फक्त ठिपके ठेवण्याची घाई नंतरची. खुद्द निमीपूंनी आयडाहोत १९९५ च्या सुमारास पुन्हा घोडे पैदास करायला घेतले तेव्हा अ‍ॅपलूसाला तुर्कमेनिस्तानातल्या अखाल-तेके जातीचं रक्त दिलं, आणि भर दमावर आणि चालीवर ठेवला. बाईंना तो प्रयोग पूर्वी पटत नसे. आता त्या त्यावर गप्प राहतात, आणि त्यांचं गप्प राहणं म्हणजे बरंच झालं.

माझ्या बाजूने चुका दोन. विकलेल्या घोड्यांचा विषय मी पहिल्याच दिवशी काढायला हवा होता. मी निकाल येईपर्यंत थांबले, आणि तेवढ्यात त्यातला एक घोडा आणखी एकदा विकला गेला. आणि ती दुपारची तपासणी. "कधी अडते?" एवढं विचारलं असतं तर "संध्याकाळी" हे उत्तर मिळालं असतं. मी "कुठे दुखतं?" या प्रश्नाने सुरुवात केली, कारण फोनवर मला तोच प्रश्न दिला गेला होता.

आता कोणताही अ‍ॅपलूसा पहिल्यांदा बघायचा असेल तर मी दिवेलागणीची वेळ घेते आणि गाडीत गवताचा एक गठ्ठा ठेवते. मागच्या महिन्यात बाईंच्या त्या शिंगराला तशीच जाऊन पाहून आले. ते अंधारात गठ्ठ्याला वळसा घालून गेलं, परत आलं आणि गठ्ठा खाऊ लागलं. चार दिवसांनी बाईंचा फोन : बिलात संध्याकाळचा जादा आकार कशाला लावलाय?